घरात न्यूट्रल कोणी नाही

आमच्या गावच्या घरात दोन खोल्यांना मिळून एक दिवा होता. मधल्या मातीच्या भिंतीला वरच्या अंगाला विटेएवढं भोक पाडलेलं आणि त्या भोकात लाइटचा गोळा लोंबकळत ठेवलेला. अर्धा उजेड चुलीपाशी, अर्धा माझ्या वहीवर. खटका एकच, तोही चुलीच्या बाजूला. त्यामुळे मी किती वाजेपर्यंत अभ्यास करायचा हे मास्तरांच्या हातात नव्हतं. आईची भांडी आवरली की आमचं शिक्षण बंद. तिसरी खोली कापसाची. दिवाळीनंतर ती आढ्यापर्यंत भरली की तिकडे कंदील न्यायलाही बंदी, अंधारात चाचपत जायचं. देवळी तालुक्यातल्या त्या घराचं लाइटिंग एवढंच. कोणी तरी पाच मिनिटांत ठरवलं असेल, आणि ते पस्तीस वर्षं पुरलं.

आता निवृत्तीनंतर, फंडाच्या पैशातून, वर्ध्यात सेवाग्रामकडे जाणाऱ्या रस्त्याच्या एका लेआउटमध्ये आम्ही घर बांधलं. पंधराशे फुटांचा प्लॉट. राहणारी माणसं तीन : मी, ही आणि आई. लाइटचे पॉइंट ९४.

हे ९४ कसे झाले ते मला नीट सांगता येणार नाही. सुरुवात वायरमनपासून झाली. स्लॅब पडला, भिंती उभ्या राहिल्या आणि एके दिवशी तो खडूचा तुकडा घेऊन उघड्या विटांवर फुल्या मारायला आला. "सर, इथं काय देऊ?" हा त्याचा प्रश्न. आयुष्यभर वर्गात प्रश्न मी विचारले. समोरच्याला उत्तर येत नाही तेव्हा त्याच्या पोटात कसं होतं, ते त्या दिवशी कळलं. मी म्हणायचो, "इथं काही नको." तो म्हणायचा, "देऊन ठेवतो जी. नंतर झिरी माराले भिंत फोडा लागते." भिंत फोडण्याच्या भीतीने माणूस कशालाही हो म्हणतो. अशाने न्हाणीघराच्या दाराच्या वर, बाहेरून, एक पॉइंट निघाला आहे. तो कशासाठी हे वायरमनलाही आठवत नाही. तिथे दोन वायरी मिशीसारख्या बाहेर आल्या आहेत.

मग चिरंजीव आले. म्हणजे ते पुण्यालाच होते, संगणकाच्या कंपनीत, फोनवर आले. त्यांनी सतरा पानांचा लाइटिंग प्लॅन पाठवला. त्यातून कळलं की उजेड तीन प्रकारचा असतो : अ‍ॅम्बियंट, टास्क आणि अ‍ॅक्सेंट. मी आपल्या परीने अर्थ लावला. टास्क म्हणजे कामाचा, अ‍ॅम्बियंट म्हणजे बिनकामाचा आणि अ‍ॅक्सेंट म्हणजे पाहुण्यांना दाखवायचा. अ‍ॅक्सेंटसाठी भिंतीवर काही तरी लागतं. आमच्याकडे वडिलांचा फोटो होता. जुन्या घरात तीस वर्षं बाबा ट्यूबलाइटच्या पट्टीमागे, पालीच्या शेजारी राहिले. आता त्यांच्यावर वरून तिरपा झोत पडतो आणि ते सभेला बोलवल्यासारखे दिसतात. बाबांना सभेत बोलायची फार हौस होती, संधी कधी मिळाली नाही.

भांडण झालं ते रंगावरून. एलईडीच्या डब्यावर ३०००, ४०००, ६५०० असे आकडे असतात. ते केल्व्हिनमधले. आपल्याला वाटतं आकडा मोठा म्हणजे उजेड जास्त, तसं नाही. लोहाराच्या भट्टीतलं लोखंड आधी लाल, मग पिवळं, आणखी तापलं की पांढरं होतं, त्या हिशेबाचा हा आकडा. ३००० म्हणजे पिवळसर, ६५०० म्हणजे निळसर पांढरा. उजेड किती ते ल्युमेनवर, वीज किती खाते ते वॅटवर. इतकं मी ज्ञान मिळवलं, पण त्याचा घरात उपयोग झाला नाही. चिरंजीवांचं म्हणणं, हॉलमध्ये ३०००च हवं, डोळ्यांना शांत वाटतं. नमुना म्हणून एक दिवा लावून पाहिला. पिवळा उजेड पडल्याबरोबर ही स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "व्होल्टेज कमी झालं वाटते. फ्रिज बंद करा."

यात हिची चूक नाही. आमच्या पिढीने पिवळा उजेड पुष्कळ पाहिला आहे. गावात संध्याकाळी मोटारी सुरू झाल्या की गोळ्यातली तार काजव्यासारखी लाल व्हायची, आणि डीपी जळाली तर आठ आठ दिवस तेवढंही नाही. पिवळा म्हणजे गरिबी, पांढरा म्हणजे प्रगती, हे आमच्या हाडात मुरलेलं. आई तर सरळच म्हणाली, "पिवळा लाइट लावाले एवढे पैसे? मंग तो पह्यलचा गोळा काय वाईट होता?"

चिरंजीवांनी आजीला शास्त्र समजावून सांगितलं. लाल रंगाचा एलईडी १९६२ सालचा. हिरवाही झाला. निळा मात्र कोणाला जमेना, आणि निळ्याशिवाय पांढरा होईना. तो जपानी शास्त्रज्ञांनी नव्वदच्या सुमाराला जमवला. अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना त्यासाठी २०१४चं नोबेल मिळालं. बाजारातला पांढरा एलईडी मुळात निळाच असतो. त्याच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिलेला असतो. बंद दिव्यात नीट पाहिलं तर तो पिवळा ठिपका दिसतो. आईने चष्मा लावून ठिपका पाहिला. "म्हंजे निळ्या पोराले हळद लावली की गोरं होते," ती म्हणाली. इतक्या कमी शब्दांत हा धडा मला नववीच्या वर्गात कधी शिकवता आला नसता.

तिची स्वतःची मागणी एकच होती : खोलीत झीरोचा बल्ब. चिरंजीव हसले. "आजी, झीरोचा बल्ब पंधरा वॅट खातो. जुन्या मीटरला त्याचा पत्ता लागत नसे म्हणून त्याला झीरो म्हणायचे. तुझ्या खोलीत लावतोय तो मोठा दिवा नऊ वॅटचा आहे." आईने थोडा वेळ विचार केला. "ज्याले झीरो म्हनते तो पंधरा आनि मोठा आहे तो नऊ," ती म्हणाली, "अन् तू इंजिनेर." शेवटी हॉल पिवळा, स्वयंपाकघर पांढरं आणि आमची खोली ४०००ची, म्हणजे ना धड त्याची ना हिची, अशी वाटणी झाली.

मध्ये अर्थिंगचं प्रकरण आलं. अंगणात खड्डा खणून त्यात मीठ आणि कोळसा घालतात, नळी उभी करतात आणि उन्हाळ्यात वरून पाणी ओततात, कारण माती कोरडी पडली की अर्थिंग धरत नाही. मीठ आणि कोळसा ऐकल्यावर आईचा या सगळ्या विजेच्या कामावर पहिल्यांदा विश्वास बसला. घराची दृष्ट काढायची रीत वायरमनलाही माहीत आहे म्हणायची. आता ती सकाळी तुळशीला पाणी घालते आणि उरलेला तांब्या अर्थिंगला. अख्ख्या लेआउटमध्ये आमच्याइतकं चांगलं अर्थिंग कोणाचं नसेल.

मग चिरंजीवांच्या स्मार्ट होमचं काम सुरू झालं आणि वायरमन जिन्यातल्या बोर्डापाशी उकिडवा बसून म्हणाला, "सर, इथं न्यूट्रल नाही."

मी म्हटलं, "म्हणजे?"

साध्या खटक्याला फेज पुरतो. एक वायर आत येते, एक दिव्याकडे जाते. पण स्मार्ट स्विचला दिवा बंद असतानाही जागं राहावं लागतं, वाय-फाय ऐकत. म्हणजे त्याला स्वतःला थोडी वीज लागते आणि त्यासाठी न्यूट्रल लागतो. प्लग असलेल्या बोर्डात तो असतो; जिन्यातल्या खाली-वर चालणाऱ्या बोर्डात तो बहुधा नेलेलाच नसतो. वायरमन ज्या गंभीरपणाने सांगत होता त्यावरून मला वाटलं, तो आमच्या घराबद्दलच बोलतोय. चिरंजीव एका बाजूला, ही दुसऱ्या बाजूला, आई स्वतंत्र पक्ष. न्यूट्रल खरंच कोणी नव्हतं. मी होतो असं मला वाटे, पण दोघांचंही म्हणणं होतं की मी समोरच्याकडून आहे. जिन्यातली झिरी पुन्हा फोडली, न्यूट्रल ओढला, भिंत पुन्हा लिंपली. रंगवाल्याने त्या पट्ट्याला जो रंग लावला तो बाकी भिंतीशी आजतागायत जुळलेला नाही. त्याच्यावर अ‍ॅक्सेंट लाइट पडतो.

प्रत्येक एलईडीला एक ड्रायव्हर असतो, हेही तेव्हाच कळलं. वीज दिव्याच्या पचनी पडेल अशी करून देणारी ही डबी. दिवा सहसा जात नाही, ड्रायव्हर जातो. मृगाच्या आधी वावटळ सुटते, विजा कडाडतात, लाइन दहा वेळा जाते-येते, तेव्हा हे ड्रायव्हर पटापट राम म्हणतात. दारात एक जुनी स्कूटर आणि घरात बावीस ड्रायव्हर, अशी आमची ऐपत आहे.

वास्तुशांती एप्रिलमध्ये झाली. मे महिन्यात सेन्सरने हात टेकले.

हे जरा सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण पुण्याच्या माणसाला ते पटत नाही. न्हाणीघर, जिना आणि मागची सांदवाडी इथे चिरंजीवांनी सेन्सर बसवले. माणूस आला की लाइट लागावा, गेला की विझावा. हा सेन्सर माणूस ओळखत नाही, माणसाच्या अंगाची ऊब ओळखतो. भिंत थंड, माणूस गरम. गरम काही तरी हललं, म्हणजे कोणी आलं. पुण्यात हा हिशेब बरोबर आहे. वर्ध्यात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो आणि दिवसभर तापलेली भिंत रात्री नऊला हात लावू देत नाही. माणूस आणि भिंत एकाच तापमानाला आले की सेन्सरला दोघांतला फरक कळत नाही. मी सांदवाडीत उभा राहून दोन्ही हात वर करून ओवाळल्यासारखे हलवत होतो आणि त्याच्या लेखी तिथे भिंत होती. शेजारचे काकाजी कंपाउंडवरून म्हणाले, "काहून सर, योगा करून राह्यले का?" मी म्हटलं, "लाइट लावून राह्यलो."

न्हाणीघरातला सेन्सर त्याहून कोपिष्ट. हालचाल थांबली की पाच मिनिटांत विझायचा. माणूस तिथे स्वस्थ बसायला जातो, हे तो बनवणाऱ्याच्या ध्यानात आलं नसावं. मला तिथे पेपर वाचायची सवय आहे. अग्रलेखाच्या दुसऱ्या परिच्छेदाला अंधार होई, की पेपर जोरात फडफडवायचा. बाहेरून ही विचारी, "झुरळ आहे का?"

आणि मग ती रात्र. बाराच्या सुमाराला लाइन गेली. आम्ही गच्चीवर गेलो, चटया टाकल्या. अडीचला लाइन आली. आता साधा खटका बंद असेल तर लाइन आल्यावरही दिवा बंदच राहतो, एवढी अक्कल त्याला असते. स्मार्ट दिवा मात्र वीज मिळाली की आधी पेटतो आणि विचार मागाहून करतो. कारखान्यातून निघतानाच तशी सेटिंग असते, ती बदलावी लागते. ती आम्ही बदलली नव्हती. अडीच वाजता आमचं घर, गच्चीवरच्या आम्हाला खालून भाजावं तसं, सगळ्या बाजूंनी एकदम उजळलं. हॉल, पोर्च, कंपाउंड, बाबांच्या फोटोवरचा झोत, पीओपीतली निळी-जांभळी पट्टी. लेआउटमधली कुत्री भुंकायला लागली. काकाजी बाहेर आले आणि त्यांनी विचारलेला प्रश्न मी त्यांना अजून माफ केलेला नाही : "आजी गेल्या काय?"

आजी माझ्या शेजारी चटईवर उठून बसल्या होत्या. डोळे मिटून त्यांनी आधी हात जोडले. संध्याकाळी दिवा लागला की हात जोडायचे, ही आईची सवय. कंदिलाला जोडले, गोळ्याला जोडले, २०१५ साली 'उजाला' योजनेतला बल्ब विजेचं बिल दाखवून रांगेतून आणला, त्यालाही जोडले. आता पोर्चचा दिवा सूर्यास्ताच्या वेळेवर आपोआप लागतो, डिसेंबरात साडेपाचला आणि जूनमध्ये सातला. तेव्हा आई कुठे तरी मागे असते. दिवा लागलेला तिला एकदम दिसतो, लागताना दिसत नाही. तिची ही एक तक्रार होती, आणि ती मला बाकी सगळ्या तक्रारींपेक्षा रास्त वाटली. लावलाच नाही तर हात जोडायचे कोणत्या घडीला?

तोंडी हुकमाने दिवा लावणाऱ्या, बोलणाऱ्या डबीचा तिने प्रयत्न करून पाहिला. "अवं बाई, लाइट लाव वं." डबीने हिंदीत क्षमा मागितली. आई पुन्हा म्हणाली. डबीने हिंदीत एक भजन लावलं. आईने निदान केलं, "नागपूरची दिसते. समजते सगळं, पण बोलन हिंदीतच."

दिवाळीत चिरंजीव आणि सूनबाई आले, सोबत सूनबाईंचे आई-वडील. वर्ध्यात पाहुणे आले की एक फेरी ठरलेली असते : सेवाग्राम, पवनार, गीताई मंदिर आणि परतताना गोरसपाकाचे दोन डबे. बापूकुटीत आम्ही खाली मातीच्या जमिनीवर टेकलो. गांधीजी १९३६च्या एप्रिलअखेर या गावी, तेव्हाच्या शेगावात, राहायला आले. घराला फार खर्च नको आणि सामान जवळपासचंच हवं, अशी त्यांची अट. माती, बांबू, कवेलू. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि आत डोळ्यांना गारवा देणारा, गाळून आलेला उजेड. सूनबाईंचे वडील आर्किटेक्ट आहेत. ते हलक्या आवाजात म्हणाले, "हा अ‍ॅम्बियंट." चिरंजीवांनी मान खाली घातली. विचारवंत इव्हान इलिच १९७८च्या जानेवारीत इथे येऊन या घराबद्दल बोलला होता. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की सोयी जमवत गेलं की माणूस त्या सोयींवर विसंबायला लागतो. मी हे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात चिरंजीवांच्या मोबाइलवर निरोप आला की आमच्या पोर्चमध्ये कोणी तरी आलं आहे. दूधवाला होता.

पाहुण्यांना मी मुद्दाम मगनवाडीतल्या संग्रहालयातही नेलं. ग्रामोद्योग संघाच्या लोकांनी मगनवाडीत रॉकेलऐवजी गावातल्या घाण्याच्या तेलावर जळणारा कंदील तयार केला होता. मगनदीप त्याचं नाव. संग्रहालयाचं उद्घाटन खुद्द गांधीजींनी ३० डिसेंबर १९३८ला केलं. म्हणजे दिव्याचं स्मार्ट काम वर्ध्याला नवीन नाही. त्या दिव्याला वाय-फाय लागत नव्हतं, एवढंच. आर्किटेक्ट व्याह्यांनी विचारलं, "त्याचा केल्व्हिन किती असेल?" मी म्हटलं, "व्होल्टेज कमी असल्याइतका."

परत जाण्याआधी चिरंजीवांनी आईच्या खोलीतला खटका बदलला. म्हातारी रात्री उठते, पडली-झडली तर कळावं, म्हणून तिचा दिवा लागला की त्याच्या मोबाइलवर पुण्याला निरोप जाईल अशी सोय केली. आईला यातलं काही सांगितलं नाही. आठवडाभराने त्याने फोनवर सहज विचारलं, "आजी, काल रात्री तीनदा उठलीस?" आई चपापली. "तुले कोनं सांगतलं?" त्याला सांगावं लागलं.

मला वाटलं आता ती चिडेल, खटक्यावर फडकं टाकेल, वायरमनला बोलावून जुनं बटन लावायला लावेल. तिने दोन दिवस काहीच केलं नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे पाचला मला शेजारच्या खोलीतून खट् आवाज आला, पुन्हा खट्, पुन्हा खट्. मी उठून गेलो. आई खाटेवर बसून खटका वर-खाली करत होती.

"काय झालं?"

"काही नाही. मी उठली म्हनून सांगतलं त्याले."

चिरंजीवांचा फोन सात वाजता आला. पाच वाजता तीन निरोपांनी जाग आली होती, हे बंद करता येईल का बघतो, म्हणाले. नंतर त्या विषयावर ते काही बोलले नाहीत. पहाटेचं खटखटणं रोज चालू राहिलं. उठल्याचे तीन. एकादशी असली की चार. माझ्याशी भांडण झालं असलं तर किती, हे तिने मला सांगितलेलं नाही.

मागच्या आठवड्यात लाइन जाऊन-येऊन माझी झोप मोडली होती. पाच वाजता मी तिच्या दारात उभा होतो. तिने तीनदा खटका केला, दिवा बंद ठेवला आणि अंधारात तशीच बसून राहिली. मी आत जाणार तेवढ्यात खोलीतला दिवा कोणी हात न लावता लागला, विझला आणि पुन्हा लागला. आईने हात जोडले.

मला पाहून म्हणाली, "पुन्याची लाइन आली."